टेंपीची खोली

माझा धाकटा भाऊ रॉइस महिनाभर एक डॉलर घेऊन माझ्या मागे फिरत होता. डॉलर वकिलाने लिफाफ्यात घालून दिला होता आणि सोबत एक पावती होती. ‘वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे माझा वाटा मला पूर्ण मिळाला’ असं त्या पावतीवर छापलेलं होतं आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ होती. मी सही करत नाही तोवर कोर्ट वाटणीचं प्रकरण बंद करायला तयार नव्हतं, आणि प्रकरण बंद होत नाही तोवर घर, शेत, तंबाखू वाळवायचं कोठार, काहीच रॉइसच्या नावावर चढत नव्हतं. म्हणून तो बिचारा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, चर्चच्या पायरीवर, किराणा दुकानात, जिथे मी सापडेन तिथे खिशातून लिफाफा काढायचा. साठीला टेकलेली बाई आणि पन्नाशी उलटलेला गडी, एका डॉलरपायी शिवाशिवी खेळत होतो.

आमचे डॅडी, डेन्झिल ओव्हरबी, फेब्रुवारीत गेले. पण गोष्ट समजायची तर त्याच्या बरीच आधीपासून सांगायला हवी.

आई गेली तेव्हा मी लेक्सिंग्टनला एका विमा कंपनीत नोकरी करत होते. भाड्याचं का होईना, माझं घर होतं. एक माणूसही होता, बरा होता. डॅडींना साधी कॉफी करता येत नव्हती. रॉइसचं लग्न झालेलं, त्याची बायको शार्ला तिच्या माहेरच्या गावात घर बांधून बसलेली. मग डोंगरातल्या डॅडींच्या घरी येऊन राहायचं कुणी? जिला नवरा नाही तिने. थोड्या दिवसांसाठी म्हणून आले आणि वीस वर्षं राहिले. तो बरा माणूस दोन वर्षं फोन करत होता, मग त्याने लग्न केलं.

रस्ते खात्यातून निवृत्त झालेले इतर लोक मासे धरायला जातात. डॅडींनी पूर्वज धरायला घेतले. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, जिथे म्हणून एखादा ओव्हरबी मेला असेल तिथल्या कोर्टाच्या तळघरात आम्ही जायचो. गाडी मी चालवायची, थर्मास आणि सँडविचं मी भरायची. दोघांनी मिळून उचलावं लागणारं मृत्युपत्रांचं दप्तर टेबलावर काढायचं आणि डॅडी शेजारी खुर्ची ओढून बसायचे. जुनं अक्षर त्यांना लागायचं नाही. मला लागायचं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांची वळणं, त्यांची शाई, त्यांची कंटाळून केलेली घाई, सगळं मला हळूहळू घरच्या माणसासारखं ओळखू यायला लागलं. मी वाचायची, डॅडी सांगायचे ते लिहून घ्यायची, घरी येऊन टाइप करायची. कुणी विचारलं की डॅडी म्हणायचे, “मी शोधून काढलं.” खोटं नव्हे ते. खुर्चीत तेच बसलेले असायचे.

एका बाबतीत मात्र ते फार कडक होते. पुराव्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आमच्याकडे प्रत्येक घरात एक चेरोकी आदिवासी राजकन्या पणजी असते, आणि प्रत्येक आडनावाचे तीन भाऊ एकाच जहाजातून आलेले असतात. डॅडींची बहीण ओसी आत्या तर त्या राजकन्येच्या वेणीची लांबीसुद्धा सांगायची. डॅडी ऐकून घ्यायचे आणि मला म्हणायचे, “नेल्डा, पु. ना.” म्हणजे पुरावा नाही. आमच्या कागदांच्या समासात ती दोन अक्षरं मी हजारदा लिहिली असतील. राजकन्या गेली, तीन भाऊ गेले, जहाज बुडालं. ओसी आत्या वर्षभर बोलत नव्हती.

आमच्या सगळ्या खटाटोपाचा मुकुटमणी होता मिकाजा ओव्हरबी. व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून आलेला पहिला आमचा माणूस. १८०९ सालचं त्याचं मृत्युपत्र मला तोंडपाठ आहे. घर आणि जमीन मुलगा लुइस याला. मग, ‘माझी मुलगी केझाया हिला एक शिलिंग, अधिक नाही.’ आणि त्याखाली, ‘माझी मुलगी टेंपरन्स ही अविवाहित राहील तोवर तिला स्वयंपाकघरावरची खोली, तिची पिसांची गादी, एक गाय, आणि फोडून दाराशी आणून टाकलेलं सरपण.’

त्या शिलिंगावर डॅडी व्याख्यान देत असत. एकदा कोर्टात एक बाई दप्तरावर डोकं ठेवून रडत होती, कारण तिच्या पणजीच्या पणजीला बापाने एकच शिलिंग ठेवला होता. डॅडी तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, बाई, शिलिंग म्हणजे राग नव्हे. लग्नात तिला गादी, गाय, खोगीर मिळालेलं असायचं. तिचा वाटा तिला पोचला, हे कोर्टाला कळावं म्हणून नावाला एक शिलिंग. कुणी नंतर म्हणायला नको की बाप मुलीला विसरला. बाईने डोळे पुसले. आमच्या केझायाचं तर दानपत्रही सापडलं होतं, गाईच्या रंगासकट. डॅडींना त्या गाईचा फार अभिमान होता.

पण मला टेंपीचं वेड लागलं. टेंपरन्सला घरी टेंपीच म्हणत असणार, आम्हीही म्हणायचो. आमच्याकडच्या जुन्या शिरगणतीत फक्त घरच्या कर्त्याचं नाव लिहीत. बाकी सगळे नुसत्या आकड्यांत. इतक्या वयाचे पुरुष इतके, इतक्या वयाच्या बायका इतक्या, एकेका रकान्यात एकेक रेघ. टेंपी ही अशी एक रेघ होती. बाप मेला, लुइस कर्ता झाला, आणि दर दहा वर्षांनी लुइसच्या नावासमोर ती रेघ एकेक रकाना उजवीकडे सरकत गेली. सव्वीसच्या पुढची. पंचेचाळीसच्या पुढची. पन्नास ते साठ. मला ती रेघ दिसली की बरं वाटायचं. आहे म्हणायची, बाई अजून त्या खोलीत आहे, गाय आहे, सरपण येतंय.

डॅडींनाही माझी गंमत वाटायची. मी वरच्या खोलीत राहायची, तीही स्वयंपाकघरावरचीच. खालच्या लाकडाच्या शेगडीची ऊब तिथे यायची, म्हणून आईने ती मला लहानपणीच दिली होती. डॅडी जेवताना म्हणायचे, “काळजी करू नकोस. तुला टेंपीची खोली लिहून देईन, सरपणासकट.” दोनदा नव्हे, दहादा म्हणाले असतील. बाप गमतीत म्हणतो ते खरंच असतं, असं मला वाटायचं.

१८४० च्या आत लुइस गेला, आणि त्या साली त्याच्या मुलांच्या घरांत ती रेघ नव्हती. मेली असेल, असं मी धरून चालले. मग एका दुपारी फ्रँकफर्टच्या, म्हणजे आमच्या केंटकीच्या राजधानीतल्या, दप्तरखान्यात मी १८५० ची शिरगणती बघत होते. त्या साली पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांची नावं लिहिली गेली. आमच्याच काउंटीच्या शेवटच्या पानांवर गरीबखाना होता, निराधारांना ठेवायची सरकारी जागा. रखवालदाराचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, आणि मग ओळीने तिथे ठेवलेली माणसं. त्यांत ‘टेंपरन्स ओव्हरबी, वय ७६.’ पुढे धंद्याच्या रकान्यात ‘कंगाल.’

बापाच्या मृत्युपत्रानंतर पहिल्यांदा कुणी तिचं नाव लिहिलं ते तिथे. मी फिल्म बघायच्या यंत्राचा दिवा बंद केला आणि तोंडावर हात ठेवून रडले. भाच्यांनी शेत विकलं असेल, नव्या मालकाला कसली खोली आणि कसली गाय. डॅडी पलीकडे सँडविच खात होते. मी त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

“ही दुसरीच कुणी,” ते म्हणाले. “टेंपरन्स नावाच्या बायका त्या काळी पैशाला पासरी होत्या.”

मी म्हणाले आडनाव तेच आहे, वय जुळतंय, काउंटी तीच आहे. चेरोकी राजकन्येसाठी एवढा पुरावा असता तर तिला आपण सोन्याच्या चौकटीत बसवलं असतं.

“ओव्हरबी गरीबखान्यात गेले नाहीत. पु. ना. लिही.”

मी पु. ना. लिहिलं. कागदाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा असायचा.

तर डॅडी गेले. शेवटचे आठ महिने अंथरुणावर होते, ते सगळं मी केलं, त्याबद्दल काही बोलत नाही. बापाचं केलं, शेजाऱ्याचं नव्हे. रॉइस रविवारी यायचा, पलंगाशेजारी बसून बास्केटबॉलचे निकाल सांगायचा. मी दोघांना एकटं सोडून लाकडं फोडायला जायची. त्या रविवारांतल्या एका रविवारी वकील प्रूइटही येऊन गेले होते. मी त्यांना केक दिला होता.

त्याच प्रूइटनी त्यांच्या ऑफिसात मृत्युपत्र वाचलं. घर, जमीन, अवजारं, सगळं मुलगा रॉइस याला. मग त्यांनी घसा साफ केला. ‘माझी मुलगी नेल्डा जीन हिला एक डॉलर, अधिक नाही, तिचा वाटा तिला आधीच मिळालेला आहे.’

मला हसू आलं. खरंच आलं. प्रूइट घाबरून पाण्याचा पेला पुढे करायला लागले, शार्ला माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, रॉइस आपल्या बुटांकडे बघत होता. मी हसत होते कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मिकाजाचं होतं ते. डॅडींना ते जुन्या अक्षरातून काढून स्वच्छ टाइप करून मीच दिलं होतं. पण त्यांनी चुकीचं कलम उचललं होतं. मी केझाया नव्हते. मला ना लग्न, ना गादी, ना गाय. मी टेंपी होते. वीस वर्षं मी स्वतःला टेंपी समजून त्या घरात वावरले, आणि बापाने ऐन वेळी माझ्या तोंडाला पानं पुसली.

घरी आल्यावर पहिले काही दिवस मी भाबडेपणाने शोधत राहिले. काहीतरी दिलं असेल मला आणि मी विसरले असेन. गाडी माझ्या पैशांची. टाइप करायचं यंत्र माझ्या पैशांचं. कॉलेज मी संध्याकाळच्या वर्गात केलं, फी मी भरली. मग रॉइस लिफाफा घेऊन यायला लागला तसं मी त्याला एकच विचारायला लागले, कुठला वाटा? चर्चच्या पायरीवर विचारलं, दुकानात पिठाच्या पोत्यांपाशी विचारलं. तो इकडेतिकडे बघायचा आणि लिफाफा परत खिशात घालायचा. शार्ला मात्र तोवर घरभर टेप घेऊन फिरून गेली होती. लाकडाची शेगडी काढून टाकायची आणि वरची खोली तिच्या शिवणकामाला, असं तिचं ठरलं होतं. आयत्या बिळावरचे नागोबा असतात तशा नागिणीही असतात.

एप्रिलमध्ये एकदा रॉइस जेवायच्या वेळेला आला. मी घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. भाऊ आहे, उपाशी कशाला ठेवायचा. खाऊन झाल्यावर त्याने ताट सरकवलं आणि लिफाफा त्या जागी ठेवला.

“एक सही कर, नेल्डा. माझ्यासाठी कर.”

“कुठला वाटा ते सांग. आत्ता करते.”

“डॅडींच्या मनात काय होतं ते मला काय माहीत?”

“तुला माहीत आहे. लहानपणापासून खोटं बोलताना तू कान खाजवतोस.”

त्याने कानावरचा हात खाली घेतला. मग एका दमात बोलला, जणू रविवारचा निकाल सांगतोय.

“ते म्हणाले, तू वीस वर्षं राहिलीस इथे. भाडं नाही, वीजबिल नाही, जेवणखाण घरातलं. म्हणाले, मिकाजाने टेंपीला दिली तशी मी नेल्डाला खोली दिली. बोललो होतो तसं दिलं. आता तिचं घेऊन झालं.”

मी त्याचं ताट उचललं होतं, ते हातात तसंच धरून उभी होते.

“आणि सरपण?” मी विचारलं.

“कसलं सरपण?”

“मिकाजाने टेंपीला नुसती खोली दिली नव्हती. फोडलेलं सरपण दिलं होतं, दाराशी आणून टाकलेलं. इथे वीस हिवाळे ते कुणी फोडलं?”

“आता तू लाकडांचा हिशोब काढणार का?”

“हिशोब डॅडींनी काढला. मी फक्त बेरीज तपासतेय.”

रॉइस उठला. दाराशी जाऊन म्हणाला, तुला कुणी घराबाहेर काढत नाहीये, रहा की, आम्ही राहायला येईपर्यंत रहा, नंतरचं नंतर बघू, शार्ला तशी वाईट नाही. लुइसच्या मुलांनीही टेंपीला असंच काहीसं सांगितलं असेल. रहा की आत्या, नंतरचं नंतर बघू.

डॅडी मला विसरले असते तर मी दोन दिवस रडून मोकळी झाले असते. म्हातारपणी माणूस विसरतो. पण ते विसरले नव्हते. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी टेंपीची आठवण काढली, खोलीची काढली, मी खाल्लेल्या भाकरतुकड्याची काढली, आणि सगळं माझ्या नावावर खर्ची टाकलं. त्यांच्या उशाशी बसून मी त्यांना चमच्याने भरवत होते, तेव्हा ते माझं जेवणखाण मोजत होते. मला त्यांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून मी त्या आठवड्यात पुढच्या हिवाळ्याचीसुद्धा लाकडं फोडली.

मग मी रॉइसला फोन केला. म्हणाले, सही करते, पण एक अट आहे. डॅडींचं कुळाचं पुस्तक पुरं करून मला छापायचंय. जूनमध्ये चर्चच्या मैदानावर ओव्हरबींचा मेळावा असतो, त्याच्या आत. छपाईचा खर्च तुझा. शंभर प्रती.

त्याला इतका आनंद झाला की मला क्षणभर त्याची कीव आली. अट घालणार म्हटल्यावर त्याला वाटलं असेल मी अर्धं शेत मागतेय. पुस्तक डॅडींची शेवटची इच्छाच होती, म्हणाला, नाव मात्र डॅडींचं घाल. घालते म्हणाले. छापायच्या आधी वाचून बघ, असंही मी त्याला म्हटलं, दोनदा म्हटलं.

“मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही दोघांनीच केलंय ना सगळं,” तो म्हणाला, आणि चेक पाठवून दिला.

दीड महिना मी बसून पुस्तक पुरं केलं. डॅडींनी सांगितलेल्या एकाही अक्षराला हात लावला नाही. फक्त टेंपीपुढचं पु. ना. खोडलं आणि तिथे गरीबखान्याचं पान, ओळ, वय, शेरा, सगळं लिहिलं. ते कुठल्या दप्तरात बघायला मिळेल तेही लिहिलं. मग शेवटचं पान राहिलं. प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या नावाखाली त्याच्या मृत्युपत्राचा सारांश द्यायचा, ही डॅडींनीच घालून दिलेली पद्धत. तेव्हा डेन्झिल ओव्हरबींच्या नावाखालीही तो आला. घर आणि जमीन मुलाला. मुलगी नेल्डा हिला एक डॉलर. वाटा आधीच मिळाल्याचा उल्लेख. ‘तो वाटा कोणता : पु. ना. मुलगा रॉइस याच्या सांगण्याप्रमाणे वीस वर्षांचं राहणं आणि जेवण (ऐकीव). त्या वीस वर्षांत घरचं सरपण नेल्डाने फोडलं.’ बस्स, एवढंच. डॅडी असते तर टिपणीच्या बांधणीत त्यांना खोट काढता आली नसती.

मेळाव्याच्या आधी एक गठ्ठा मी आजूबाजूच्या सगळ्या वाचनालयांना आणि फ्रँकफर्टच्या दप्तरखान्याला टपालाने पाठवला. मग जूनच्या त्या रविवारी उरलेली खोकी गाडीत घातली. मैदानावर ओकच्या झाडाखाली टेबलं मांडली होती, तळलेली कोंबडी, भरलेली अंडी, हॅम, केळ्याचं पुडिंग, सगळं दरवर्षीसारखं. रॉइस धावतच आला. मी पुस्तकाच्या खोक्यावर पावती ठेवून सही केली. शब्द दिला होता, पाळला. त्याने डॉलर दिला, तो मी पर्समध्ये टाकला. त्याने मला मिठी मारली.

पुस्तकं वाटली गेली. आमच्या लोकांची रीत अशी की पुस्तक हातात आलं की आधी आपलं नाव शोधायचं, मग ज्याच्याशी भांडण आहे त्याचं. ओसी आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिला ऐकू येत नाही, आणि ती समजते की जगच बहिरं आहे. भिंग लावून ती शेवटच्या पानापर्यंत पोचली आणि बोट ठेवून सगळं मोठ्याने वाचलं. राहणं आणि जेवण वाचलं, ऐकीव वाचलं, सरपण वाचलं. पलीकडच्या टेबलावरची माणसं हातातल्या कोंबडीसकट थांबली.

“नेल्डा,” ती ओरडली, “हे पु. ना. म्हणजे पुरावा नाही, तेच ना? ज्याने माझी राजकन्या मारली ते?”

मी मान डोलावली.

“मग ते माझ्या पानावर का नाही?”

मला कळेना. तिने पानं मागे उलटली आणि पुस्तक माझ्यासमोर धरलं. आजोबांच्या मृत्युपत्राचा सारांश होता. घर आणि जमीन मुलगा डेन्झिल याला. ‘मुलगी ओसी हिला एक डॉलर, वाटा आधीच दिलेला.’ डॅडींनी ते कधीतरी सांगितलं होतं आणि मी टाइप केलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या गाईचा रंग आम्ही शोधून काढला, पण शेजारच्या गावात राहणाऱ्या आत्याला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

“मी डेन्झिलला जन्मभर विचारत आले, काय मिळालं होतं रे मला? म्हणायचा, लग्नात गाय दिली होती. कसली गाय? ती गाय माझ्या सासऱ्याची होती, त्यानेच आणली, त्यानेच परत नेली.” तिने हात पुढे केला. “पेन दे.”

मी पेन दिलं. तिने भिंग बाजूला ठेवून, नाक पानाला लावून समासात ती दोन अक्षरं लिहिली. मग पुस्तक मिटलं आणि पुडिंग मागितलं. शार्ला टेबलांमधून फिरून पुस्तकं गोळा करायला लागली होती, पण बायका ती देत नव्हत्या. आपापल्या आईचं पान शोधत होत्या.

रॉइसने मला गाडीपाशी गाठलं. त्याचे कान लाल झाले होते.

“तू मला फसवलंस.”

“दोनदा म्हटलं होतं, वाचून बघ.”

“डॅडींचं नाव आहे त्या पुस्तकावर. लोक काय म्हणतील?”

“त्यांना सांग, पु. ना.”

मग त्याने तेच सांगितलं जे सांगायला तो एप्रिलपासून धजत नव्हता. महिनाअखेर खोली रिकामी कर. मी ठीक आहे म्हणाले. पुस्तक छापायला दिलं त्या दिवशीच मला हे माहीत होतं. ऐकून दुखलं नाही असं मात्र नाही. तो माझा भाऊ आहे आणि त्याला सायकल मी शिकवली होती.

आता मी गावात औषधांच्या दुकानावरच्या एका खोलीत राहते. भाडं मी देते, वीजबिल मी देते, आणि दर महिन्याला पावती घेऊन जपून ठेवते. खोलीत गॅसचा हीटर आहे, सरपण लागत नाही. शेतावरून निघताना माझे कपडे आणि कुऱ्हाड तेवढी आणली. शार्ला दारात उभी राहून म्हणाली, अवजारं मृत्युपत्राप्रमाणे रॉइसची आहेत. मी पर्समधून जुना कागद काढून तिच्या हातात दिला. कुऱ्हाड मी विकत घेतली होती, आणि त्याचा पुरावा आहे.